ताशी पंचेचाळीसनं कनेरगावला

रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक माणसानं मला पहिला प्रश्न एकच विचारला: किती पळते? सांगलीच्या नाक्यावर विचारला, सोलापुरात विचारला, परभणीत चहावाल्यानं साखर घालता घालता विचारला. तुम्ही कुठून आलात, एकटी बाई एवढ्या लांब कशी काय, हे सगळं त्यानंतर. माझी गाडी म्हणजे विजेवर चालणारा छोटा ट्रक. तो सत्तरच्या वर जात नाही. कंपनीनंच त्याला तसा बांधून ठेवलाय. पाय तळापर्यंत दाबला तरी काटा सत्तरवर येऊन थांबतो. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव येते, आणि त्या किवेचा मला भयंकर राग येतो. चौदा वर्षं मी मिरजेत शाळेची व्हॅन चालवली. त्या वर्षांत कुणी मला किती पळवता म्हणून विचारलं असतं, तर मी त्याच्या पोरांना माझ्या व्हॅनमध्ये घेतलं नसतं.

तर हे प्रवासाचं वर्णन अशा गाडीचं आहे. ज्यांना चारशे किलोमीटर चार तासांत कापायचे आहेत त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल.

निघण्याआधी

कुपवाडला शिरीषभाऊ नावाचे एक कारखानदार हळद शिजवायचे बॉयलर बनवतात. हळद जमिनीतून काढली की ती वाफेवर शिजवावी लागते, मगच ती वाळते आणि बाजारात जाते. हिंगोली जिल्ह्यात हळद उदंड, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे बॉयलर तिकडं जातात. या हंगामातला पहिला बॉयलर कनेरगाव नाक्याच्या पुढच्या एका तांड्यावर प्रल्हाद राठोड यांच्याकडं पोचवायचा होता. राठोडांची हळद काढून शेतात पाल्याखाली झाकून ठेवलेली. शिजवणारी टोळी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत थांबणार होती. तोवर बॉयलर आला नाही तर ती पुढच्या गावी जाणार, आणि परत फिरायला दहा-बारा दिवस घेणार. तेवढ्यात ढिगातली हळद खराब झाली असती.

शिरीषभाऊंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. हा बॉयलर वेळेत पोचला तर हंगामाचे बाकीचे सगळे तुमच्या गाडीतून. नाही पोचला तर एकही नाही, डिझेलची गाडी बोलावणार. मी हो म्हटलं. आमच्या घरी नवऱ्यानं डोक्याला हात लावला. त्याचं म्हणणं, ही गाडी गावात भाजी वाहायला ठीक आहे, हायवे तिचं काम नाही. मी त्याच्याशी वाद घातला नाही, डबा भरला आणि बुधवारी सकाळी निघाले.

पहिल्या दोन दिवसांत मी एकच गोष्ट शिकले. बॉयलर गाडीत उभा होता, माझ्या टपाच्या वर चांगला तीन फूट. साठच्या पुढं गेलं की वारा त्याला धरून मागं ओढायचा आणि बॅटरीचा आकडा बघता बघता घसरायचा. पंचेचाळीसवर ठेवलं की तीच गाडी शहाण्यासारखी चालायची, एका चार्जमध्ये एकशे दहा किलोमीटर. उतारावर पाय काढला की थोडी वीज परतही घ्यायची. म्हणून चौपदरी रस्त्यावर मी डाव्या कडेनं पंचेचाळीसनं गेले. मागून येणारे भोंगे वाजवत होते, काही जण शेजारी येऊन माझ्याकडं बघून जात होते. एकानं तर खिडकीतून हात काढून मला नमस्कार केला, देवळात करतात तसा. मी त्याला आशीर्वाद दिला. गुरुवारी संध्याकाळी परभणीत मुक्काम केला आणि गाडी पूर्ण भरून घेतली.

औंढा नागनाथ

शुक्रवारी उजाडायच्या आत निघून पावणेसातला औंढ्याला पोचले. बॅटरी पंचावन्न टक्के होती. वेळ हाताशी होता म्हणून दर्शन घेतलं. इथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं वाकून, भिंतीला धरत उतरावं लागतं, आणि उतरल्यावर तिथं इतकी दाटी की दोघांनी एकदम नमस्कार करायचा म्हटलं तर डोकी आपटतात. माझं एका आजीच्या डोक्याशी आपटलं. तिनं ते दर्शनातच धरलं आणि माझ्या गालावरून हात फिरवून ती वर चढली.

बाहेर नाश्त्याला सुशीला खाल्ला. आमच्या सांगलीकडं चुरमुऱ्यांचा भडंग करतात, कुरकुरीत, तिखट. इथं तेच चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-दाण्याच्या कुटावर परततात. मऊ होतो आणि पोटाला बसतो. मला पहिल्या घासाला वाटलं, चांगल्या चुरमुऱ्यांची नासाडी केली. दुसरी बशी मागवताना मी हे मत मागं घेतलं.

तिथंच माझी चूक झाली. शेजारच्या बाकावर एक पिकअपवाला बसला होता, तरणाताठा, डोळ्यावर काळा चष्मा. गाडीत खताच्या गोण्या. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. तो हसला आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "ह्या मावशीला सांजच्याला दिवा लावून शोधायला जावं लागतंय बघ." हॉटेलवालाही हसला. मी दोन दिवस भोंगे खाल्ले होते, हात दाखवणारे सोसले होते, घरी नवऱ्याचं ऐकलं होतं. त्या सगळ्याचा राग त्या एका वाक्यावर निघाला. त्यानं गाडी सुरू केली, मीही केली. औंढ्याबाहेर पडल्यावर मी पाय तळापर्यंत दाबला.

विजेच्या गाडीचं एक आहे, ती सुरुवातीलाच जोरात उठते. चढावर मी त्याला मागं टाकलं. दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला, काळी रानं नांगरून पडलेली, आणि मी सत्तरवर. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढच्या सपाटीवर त्यानं मला सहज ओलांडलं आणि नुसता एक लहानसा भोंगा देऊन निघून गेला. मी तरीही पाय काढला नाही. हिंगोलीपर्यंत काढला नाही. कशासाठी, ते आजही मला सांगता येणार नाही.

हिंगोली

हिंगोलीत शिरताना आकडा होता तेवीस. पंचेचाळीसनं आले असते तर तेहेतीस असता, आणि तेहेतीसमध्ये मी न थांबता तांड्यावर पोचले असते. तरीही मला काळजी नव्हती, कारण शहरात चार्जर होता. तिथं गेले तर तो बंद. पडद्यावर कसलीतरी लाल अक्षरं, आणि शेजारचा पंक्चरवाला सांगत होता की परवापासून असंच आहे. आणखी कुठं आहे का म्हणून चार ठिकाणी विचारलं. अर्धा तास गेला. तांडा अजून एकतीस किलोमीटर होता.

मी गाडीत बसून एक मिनिट स्वतःला शिव्या दिल्या. मग वाशिमचा रस्ता धरला आणि पस्तीसनं निघाले. पंखा बंद, काचा वर, कारण उघड्या काचेतही वारा शिरून ओढतो. मार्चचं ऊन होतं. साडीचा पदर ओला करून डोक्यावर घेतला. मागं ट्रकची रांग लागली की कडेला थांबून त्यांना जाऊ द्यायचे आणि पुन्हा निघायचे. सव्वानऊ-साडेनऊच्या सुमाराला काट्याशेजारी कासवाचं चित्र उमटलं. सहा टक्के. याचा अर्थ गाडी आता स्वतःच जोर कमी करणार. तांडा बारा किलोमीटर राहिला होता आणि शेवटचा रस्ता चढाचा, कच्चा. डाव्या हाताला एक आखाडा दिसला, म्हणजे शेतातलं घर आणि गोठा. मी गाडी आत वळवली.

आखाड्यावर

भुईमुगाच्या शेताच्या कडेला साठीची एक बाई खुरपं घेऊन उभी होती. नाव गयाबाई. तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग त्यात उभ्या असलेल्या बॉयलरच्या हंड्याकडं, मग माझ्या ओल्या पदराकडं.

"काहून थांबलीस बाई? तकलीफ काय झाली?"

मी सगळं सांगितलं, शर्यतीसकट. ती हसली नाही. घराला वेगळं मीटर आहे, बोर्ड ओसरीत आहे, लाव तुझी वायर, म्हणाली. पण लाईट दहाला येते. तोवर भाकरी खा.

ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि लोटाभर ताक. आमच्याकडं ठेचा दाण्याचा कूट घालून जरा नरम करतात. इथं तसला विचार कुणी केलेला दिसला नाही. खाता खाता मी शिरीषभाऊंना फोन करून खरं ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की मी हिंगोलीहून एक डिझेलची पिकअप पाठवतो, बॉयलर तिच्यात टाका. मी म्हटलं, पाठवू नका. त्यांनी फोन ठेवला होता.

दहाला लाईट आली. माझा चार्जर सुरू झाला आणि लगेच बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. विजेचा दाब पडत होता. गयाबाईनं मला बांधावर नेऊन डीपी दाखवला, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. त्या एका डीपीवर सात शेतकऱ्यांच्या मोटारी. मागं एकदा सातही जणांनी एकदम मोटारी लावल्या आणि डीपी जळाला. नवा येईपर्यंत उभी पिकं वाळली. तेव्हापासून त्यांनी पाळी बांधली आहे: एका वेळी तीनच मोटारी. आमच्या कृष्णाकाठी पाळी पाण्याची असते, इथं ती विजेची आहे. आणि दुसरा नियम, दुसऱ्याच्या मोटारीच्या पेटीला कुणी हात लावायचा नाही.

या वेळेची पाळी गयाबाईची, शेजारच्या नामदेवरावांची आणि किसनरावांची होती. गयाबाईनं जाऊन आपली मोटार बंद केली. नामदेवरावांना हाक मारून तिनं त्यांचीही बंद करायला लावली. ते आधी कुरकुरले, मग माझी गाडी बघायला आले, किती पळते विचारलं आणि मोटार बंद केली. राहिली किसनरावांची. किसनराव औंढ्याला गेले होते, आणि जाताना मोटार ऑटोवर टाकून गेले होते. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते. ती तशी सुरू होऊन मजेत पाणी उपसत होती आणि माझा चार्जर दर दोन मिनिटांनी दम टाकत होता. पेटीला हे मोठं कुलूप.

"तोडायचं का?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. फोन लावत राहिलो. किसनराव देवळात, फोन लागेना. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. मी बांधावर येरझाऱ्या घालत होते, आणि बारा किलोमीटरवर राठोडांची हळद पाल्याखाली पडली होती. पावणेअकराला फोन लागला. नामदेवरावांनी अडचण सांगितली, पलीकडून किसनराव काहीतरी बोलले आणि नामदेवरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतो, कुलूप नुस्तं अडकवेलं हाय. चावी हरवून दोन वर्षं झाली."

दोन वर्षं कुणी त्या कुलपाला बोट लावलं नव्हतं, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. गयाबाई तिथंच बांधावर बसून पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, आणि रडूही येत होतं. मोटार बंद झाली. चार्जर लागला आणि लागलेलाच राहिला.

सव्वाअकराला ती पिकअप आली. चालक मध्यमवयीन, सभ्य माणूस. म्हणाला, ताई, मला शेठचा हुकूम आहे, बॉयलर माझ्या गाडीत घेऊ. मी त्याला दाखवलं: हे धूड उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं म्हणजे साखळी-कप्पी लागणार, ती हिंगोलीहून येणार, त्यात तास जाणार. अर्ध्या तासात मी निघते आहे. हे कारण खरंच होतं. पण कारण नसतं तरी मी दिला नसता, हेही खरं आहे. पाचशे किलोमीटर मी तो बॉयलर आणला होता. शेवटच्या बारासाठी तो दुसऱ्याच्या गाडीत चढलेला मला बघायचा नव्हता. चालक म्हणाला, मग मी मागं मागं येतो, थांबलात की सांगा.

पावणेबाराला पंधरा टक्के झाले आणि मी वायर काढली. मी गयाबाईला म्हटलं की तुमच्या भुईमुगाचं पाणी माझ्यामुळं राहिलं.

"भुईमूग उद्या बी पाणी पेतो," ती म्हणाली. "तू जाय. आन् आता कोनी हसलं तर हसू दे."

तांडा

त्या बारा किलोमीटरांत मी ताशी तीसच्या वर गेले नाही. मागं रिकामी पिकअप, माझ्या थांबण्याची वाट बघत. कनेरगाव नाक्यावर धाब्यांपुढं बसलेल्या लोकांनी मान वळवून ही मिरवणूक बघितली. एकानं ओरडून विचारलं, ढकलायला येऊ का. पाय हलला, खोटं कशाला बोलू. पण मी तो वर उचलला, दाबला नाही. नाक्यावरून आत वळल्यावर रस्ता कच्चा झाला, धूळ उडाली, बॉयलर दोरांमध्ये कण्हायला लागला. बारा वाजले. चढ संपेना. आकडा आठ, सात, मग पाच. कासव पुन्हा आलं. मी गाडीशी बोलत होते, काय बोलत होते ते इथं लिहीत नाही.

बारा वीसला तांड्यावर पोचले.

टोळीची गठुडी बांधून ट्रॉलीत ठेवलेली होती.  पण ट्रॉलीत माणसं नव्हती. ती सगळी लिंबाखाली पंगतीला बसली होती आणि राठोडांच्या घरच्या बायका त्यांना वाढत होत्या. प्रल्हाद राठोड पुढं आले, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. त्यांनी सांगितलं की बाराला टोळी उठायला लागली तेव्हा त्यांनी पानं मांडायला लावली. जेवायला बसवलेल्या माणसाला इथं कुणी उठवत नाही, आणि बसलेला माणूसही अर्ध्यातून उठत नाही. दोनदा आमटी वाढून झाली होती. तिसऱ्यांदा वाढणाऱ्या सूनबाईनं मला बघितलं आणि पळी खाली ठेवली.

पिकअपच्या चालकालाही पानावर बसवलं. टोळीतल्या बाप्यांनी हात धुतले आणि बॉयलर उतरवायला घेतला. मी राठोडांना म्हटलं की उशीर माझ्यामुळं झाला, औंढ्याहून मी गाडी विनाकारण पळवली. ते गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसले, टायर हातानं दाबून बघितलं.

"आमचे आजे-पनजे बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर न्यायचे," ते म्हणाले. "हजार-हजार बैल. बैल कदी पळवत नव्हते. पळवला की दुसऱ्या दिशी बसतो, आन् एक बसला की सारा तांडा बसतो. लोक तवाबी हसतच आसतील."

एवढ्यात शिरीषभाऊंचा फोन आला. राठोडांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बराबर बाराला पोचलं म्हणून सांगून टाकलं. माझ्यासाठी खोटं बोलला तो भला माणूस. मला ते सोसलं नाही. मी फोन परत घेतला.

"बारा वीसला पोचले," मी म्हटलं. "चूक माझी. गाडीची नाही. एकाला दाखवायला सत्तरनं पळवली. पंचेचाळीसनं आले असते तर दहाला इथं असते. पुढचा बॉयलर पंचेचाळीसनंच आणीन, कुणी काही म्हणू दे."

 ते म्हणाले, बघू, आणि फोन ठेवला.

मी निघाले तेव्हा बॉयलरखाली जाळ लागला होता. वाफेबरोबर कच्च्या हळदीचा उग्र वास सगळ्या तांड्यावर पसरला. टोळी कामाला लागली होती. गाडी राठोडांच्या घरी भरून घेतली होती, आणि परतीला कुणाशीही शर्यत न लावता तिसऱ्या दिवशी सांगलीला आले.

दुसरा बॉयलर गुरुवारी तयार होणार होता. शिरीषभाऊंचा फोन आला नाही. बुधवारीही आला नाही. नवरा म्हणाला, विषय सोड आता. गुरुवारी सकाळी मी गाडी पूर्ण भरली, कुपवाडला गेले, कारखान्याच्या दारात गाडी मागं मागं घेत बरोबर बॉयलरपाशी लावली आणि फाळका उघडून खाली उतरले. तिथं एक डिझेलचा टेम्पो आधीच उभा होता. त्याचा चालक मला म्हणाला, मावशी, गाडी काढा, माझं भाडं आहे. मी काढली नाही. शिरीषभाऊ बाहेर आले. त्यांनी टेम्पोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं.

"हा हिंगोलीकडच्या पुसेगावला जायचाय," ते म्हणाले. "रविवारी सकाळी आठला हवा."

"शनिवारी संध्याकाळी पोचेल," मी म्हटलं.

त्यांनी क्रेनवाल्याला हाक मारली आणि बोट माझ्या गाडीकडं केलं.